एक हजार नऊ लाडू

सर्व आप्तेष्टांना, सोयऱ्याधायऱ्यांना, व्याही-विहिणींना आणि लाडवाच्या डब्याभोवती उगाच घोटाळणाऱ्या समस्त पुरुष मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, एक हजार नऊ ही संख्या या पृथ्वीतलावर कोणालाही सारखी वाटून घेता येत नाही. दोघांना नाही, तिघांना नाही, सात भावांना नाही, आठ जावांना नाही. एकट्यानं सगळं घ्यावं, किंवा एक हजार नऊ जणांनी एकेक घ्यावा, एवढे दोनच रस्ते. तिसरा रस्ता आजवर निघालेला नाही, आणि कोणीही आमदार निवडून आला तरी तो निघणार नाही.

एवढं जाहीर केल्यावर मी कोण हे सांगायला हरकत नाही. मी बिदरच्या एका कॉलेजात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना गणित शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी एक प्रयोग होतो. प्रयोग म्हणजे नाटकाचा असतो तसा. त्या दिवशी मी जरा बरी साडी नेसते. फळ्यावर हे एवढं मोठं लिहिते: ७३९३९१३३. मग मुलांकडं पाठ करूनच विचारते, "हिला कोण भाग देऊ शकतं?" कोणीच देऊ शकत नाही. एक आणि ती स्वतः सोडून कोणाकडूनच जिला पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. ही सात कोटींच्या वरची मूळ संख्या आहे. मग मी डस्टर उचलते आणि उजवीकडचा शेवटचा तीन पुसून टाकते. उरलेली संख्या? तीही मूळ. अजून एक आकडा पुसते. तीही मूळ. असं शेपूट कापत कापत शेवटी फळ्यावर एकटा सात उरतो, आणि सातही मूळच. सगळं अंग गेलं तरी स्वभाव गेला नाही! आणि शेवटचा झटका म्हणजे, हा गुण असलेली याहून मोठी संख्या अस्तित्वातच नाही. कोट्यवधी आकड्यांच्या मूळ संख्या सापडल्यात, अजूनही सापडतात, पण ही कला त्यांतल्या एकीलाही जमत नाही. इथं मी डस्टर टेबलावर ठेवते आणि किंचित वाकते. मुलं टाळ्या वाजवतात. तास संपल्याच्याही असतील, मी खोलात जात नाही.

घरी मात्र या कलेला कधी प्रेक्षक मिळाला नाही. माझी थोरली बहीण, अक्का, अफझलपूर तालुक्यात करजगीला असते. तिला मी हा प्रयोग एकदा फोनवर करून दाखवला. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, "त्यानं भाकरी फुगती का?"

तर त्याच अक्काचा एके दुपारी फोन आला.

"काय करायलीस?"

"पेपर तपासायलेय."

"ठेव बाजूला. लेकीचं कुबसा ठरलं."

कुबसा म्हणजे डोहाळजेवण. आमच्या भागात एकाच घरात दोन्ही शब्द चालतात. अक्काची लेक एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी हुमनाबादकडं निर्ण्याला दिली. सात भावांचं घर, एकच चूल, आणि आमचा जावई त्यातला धाकटा. पहिल्या खेपेला पोरीचे दिवस टिकले नव्हते. त्याबद्दल आमच्यात कोणी बोलत नाही, पण तेव्हापासून फोन वाजला की अक्का आधी देवाच्या फोटोकडं बघते आणि मग फोनकडं. आता सातवा लागला होता. अक्काला यात तसूभर काही कमी पडू द्यायचं नव्हतं.

"लाडू हजार एक," ती म्हणाली. "बेसनाचेच. तू एक दिवस आधी ये."

हे हजार एक लाडू म्हणजे आमच्या माहेरची शिदोरी. लेकीच्या कुबशाला ती सासरी न्यायची. तिथं सासूबाई पाटावर बसून घरात जितके संसार तितके सारखे वाटे करते, आणि वाटे झाल्यावर जे उरतं ते गरोदर सुनेच्या ओटीत पडतं. तो बाळाचा वाटा. काहीच उरलं नाही तर सगळ्या बायकांसमोर सून रिकामा पदर पसरून बसून राहते. पुढं मग काहीही झालं, मूल साधं शिंकलं, तरी त्या रिकाम्या ओटीवर बोट ठेवलं जातं. म्हणूनच हजारावर तो एक. आमच्या जुन्या माणसांचा हिशोब साधा होता: हजार वाटले जातील आणि वरचा एक उरेल. दोन वाटे असोत, चार असोत, पाच असोत, आठ असोत, उरतोच. पिढ्यान्पिढ्या उरत आला.

मी सहज म्हणून विचारलं, "वाटे किती व्हतील गं?"

"सात भाऊ म्हंजे सात."

मी लाल पेन खाली ठेवलं.

"अक्का, हजार एक न्यायचे न्हाईत."

"कामून?"

"एकशे त्रेचाळीस गुणिले सात, हजार एक. सातांत सारखे वाटले जातात. एक बी उरत न्हाई."

पलीकडं मिक्सर चालू होता तो कोणीतरी बंद केला.

"कसा उरत न्हाई? आईच्या वेळी उरला, माझ्या वेळी उरला, तुझ्या वेळी उरला."

"तुझ्या सासरी वाटे पाच, माझ्या सासरी दोन. सात कुठं व्हते? सात भावांच्या घरात आपली पोरगी आजवर गेलीच न्हाई."

"तू पेपर तपासून तपासून दमलीस," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

बऱ्याच वेळानं तो परत वाजला. अक्कानं तुरीचे हजार एक दाणे मोजून सुपात घेतले होते आणि त्यांचे सात ढीग केले होते. मग दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बसवून त्यांच्याकडूनही करून घेतलं होतं. तिचा आवाज पार उतरला होता.

"गं, मग माझ्या लेकीची ओटी?"

आता एक सांगते. माझा शकुनावर विश्वास नाही. बाकीवर आहे. पण अक्काच्या त्या एका वाक्यात शकुन कुठं संपतो आणि बाकी कुठं सुरू होते हे मलाही नीट सांगता आलं नसतं. मी वहीचं मागचं पान उघडलं.

"हजार दोन?" तिनंच विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं, "नगं. जोड न्यायची नसती."

"वाटे सातच व्हतील हे पक्कं का?"

"कोण सांगावं. विहीणबाईच्या मनावर हाय. कवा सातच करती, कवा स्वतःचा वाटा वेगळा काढती. नणंद आली तर तिचा अजून एक. पाटावर बसल्यावरच बोलती. आपण आधी विचारायचं नसतंय."

ऐकलंत? सात, आठ की नऊ, कोणालाच माहीत नाही, विचारायची सोय नाही, आणि काही झालं तरी बाकी उरलीच पाहिजे. म्हणजे अक्काला, तिचं तिलाच न कळता, मूळ संख्या हवी होती. माझ्या आयुष्यात गणिताचा एवढा मोठा मान कधी झाला नव्हता. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"हजार तीन चाललं असतं," मी म्हटलं, "पण त्याला सतरानं भाग जातोय."

"सतरा वाटे कोण करतंय?"

"चुलत धरले तर?"

निर्ण्याचे चुलत अक्कानं लग्नात जेवू घातले होते.

"हजार नऊ," मी जाहीर केलं. फोन कानाला लावूनच मी तिला ते सिद्ध करून दाखवलं. दोनानं नाही, तिनानं नाही, पाचानं नाही, सातानं एक उरतो, अकरानं आठ उरतात, तेरानंही आठच. असं करत एकतीसपर्यंत गेलं की पुरे, कारण बत्तीस बत्तीसे हजार चोवीस, म्हणजे आपण लाडवांच्या पुढं निघून गेलो. एकतीसपर्यंत कोणाला दाद दिली नाही तर पुढं कोणालाच देत नाही. वर आणखी, ही संख्या उलटी लिहिली तर होतात नऊ हजार एक, आणि तीही मूळच!

"उलटे लाडू न्यायचे न्हाईत आपल्याला," अक्का म्हणाली. मग जरा थांबून, "हजार नऊ! कसला आकडा गं हा. लोक म्हणतील हजार अकरा केले व्हते, दोन खाल्ले."

हे तिचे शब्द लक्षात ठेवा.

शनिवारी मी करजगीला पोचले तेव्हा गल्लीतल्या बायका बेसन भाजून, लाडू वळून मोकळ्या झाल्या होत्या आणि घरभर तुपाचा असा वास होता की दाजी अंगणातून हलत नव्हते. दाजींबद्दल सांगायला हवं. माणूस अतिशय सज्जन, पण शुगर आहे आणि जीभही आहे. अक्कानं गेली काही वर्षं घरातले गोडाचे डबे असे काही ठेवलेत की सरकारी तिजोरी बरी. दाजी बिचारे लाडवांच्या दुरड्यांभोवती देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालत होते. हात मागं बांधलेले, नजर भक्तीची.

संध्याकाळी प्रश्न आला मोजणीचा. हजारावर लाडू एकेक करून मोजायचे म्हणजे मध्ये कोणी हाक मारली की पहिल्यापासून. मी म्हटलं, मोजायचं नाही, मांडायचं. दोन सतरंज्या मागवल्या. आणि इथं एक हजार नऊचा दुसरा गुण सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, तुम्ही कंटाळलात तरी सांगणार.

ही संख्या एका आयतात बसत नाही. सारख्या रांगा लावायला जा, कुठंतरी तुटतेच. पण काही मूळ संख्यांना एक वेगळीच हौस असते. त्यांच्यातून एक काढला आणि उरलेल्याला चारानं पूर्ण भाग गेला, तर ती संख्या बरोबर दोन चौकोनांत बसते. चौकोन म्हणजे जितक्या रांगा तितकेच रांगेत. एक हजार आठला चारानं भाग जातो, म्हणजे आमची संख्या या हौशी घराण्यातली. एक चौकोन अठ्ठावीस बाय अठ्ठावीसचा, म्हणजे सातशे चौऱ्याऐंशी. दुसरा पंधरा बाय पंधराचा, म्हणजे दोनशे पंचवीस. बेरीज करून बघा. आणि हे दोन सोडून दुसरी कोणतीही जोडी शोधून सापडत नाही. एकच जोडी, नेमून दिलेली.

सतरंज्यांवर लाडू मांडत गेलो. शेवटचा लाडू मोठ्या चौकोनाच्या शेवटच्या कोपऱ्यात बसला आणि दोन्ही चौकोन पूर्ण झाले. ना एक जास्त, ना एक कमी. बायका कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. अक्का हळूच म्हणाली, "एक सासर आन् एक माहेर बसल्यावानी दिसायलंय."

वीसेक वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही पोराला हे सुचलेलं नाही.

सकाळी दुरड्या जीपमध्ये चढवल्या. अक्काला गाडी लागते, म्हणून ती पुढं ड्रायव्हरशेजारी. मी मधल्या सीटवर आहेराच्या साड्या मांडीवर घेऊन. मागं दुरड्या आणि त्यांच्याशेजारी दाजी. ही मांडणी कोणी केली हे मी विचारणार नाही, कारण मीच केली होती. कलबुर्गी मागं टाकलं आणि कमलापूरला थांबलो. कमलापूरची लाल केळी नेल्याशिवाय त्या रस्त्यानं कोणी सोयऱ्यांकडं जात नाही. अक्का नि मी उतरलो. फणी निवडताना अक्का वेळ लावते. दाजी गाडीतूनच म्हणाले, "व्हा तुम्ही पुढं. मी दुरड्या सांभाळायलोय."

आम्हाला केवढं कौतुक वाटलं!

निर्ण्याला पोचलो तर अंगणात मांडव, मांडवात बायका आणि दारात विहीणबाई. धिप्पाड बाई, कपाळभर विभूती, आवाज असा की गुरं वळावीत. "बर्री, बर्री!" असं कानडीत या-या करत त्यांनी अक्काला जवळजवळ उचललंच. आमची पोर मागून आली. हिरवी साडी, सुजलेले पाय, चेहरा छान भरलेला. तिनं माझा हात धरून मला जवळ ओढलं.

"मावशी, उरल ना गं?" ती कानात म्हणाली. "थोरल्या जाऊबाई सकाळधरनं सांगायल्यात, आमच्या सगळ्यांच्या ओटीत पडला व्हता म्हणून. मला रात्रभर त्योच विचार."

मी दोन्ही हात पसरून म्हणाले, "बाळा, गणितानं शब्द दिलाय."

तिला आत फुलांचे दागिने घालायला नेलं, बाकी बायकाही मागोमाग आत गेल्या. मांडवात उरलो आम्ही तिघं, दुरड्या आणि दोन सतरंज्या. मला त्या घराला दोन चौकोन दाखवायचे होते, मला राहवतच नव्हतं. अक्का नि मी भराभर मांडायला लागलो. लहान चौकोन पुरा झाला. मोठ्याच्या रांगा लागत गेल्या, शेवटची रांग आली, आणि शेवटच्या कोपऱ्यात लाडू नव्हता.

दुरड्या पालथ्या घातल्या. फडकी झटकली. अक्कानं सतरंजी उचलून बघितली. मी जीपमध्ये जाऊन सीटखाली वाकून आले. कोपरा रिकामाच.

एक हजार आठ.

एक हजार नऊ जितकी ताठ, तिची ही शेजारीण तितकीच लोचट. दोनानं भाग जातो, तिनानं जातो, चारानं, सहानं, सातानं, आठानं, नवानं. बाराला नाही म्हणत नाही, सोळाला नाही म्हणत नाही. जो येईल त्याला दार उघडं. विहीणबाई सात म्हणोत, आठ म्हणोत, नऊ म्हणोत, ओटी रिकामीच! अख्ख्या पंचक्रोशीत यापेक्षा वाईट आकडा मला शोधून सापडला नसता, आणि तो आम्ही करजगीहून केळ्यांसकट घेऊन आलो होतो.

अक्कानं सावकाश मान वळवून दाजींकडं बघितलं. दाजी आभाळाकडं बघत होते. आभाळात काहीही नव्हतं.

"अहो."

"काय?"

"मिशी."

दाजींनी मिशी पुसली. चुकीच्या बाजूची.

"एकच खाल्ला," ते म्हणाले. "लई बारके झालेत गं औंदा. हजारांत एक कोण बघतंय असं वाटलं."

"ही बघती!" अक्का माझ्याकडं बोट करून दबक्या आवाजात ओरडली. ओरडणं दबक्या आवाजातही होतं हे मला त्या दिवशी कळलं. मग तिच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. "आता काय करू गं? एका लाडवाचे दोन वळू?" आणि लगेच स्वतःच कानाला हात लावले. कुबशाचा लाडू फोडायचा नसतो.

डोकं चालवायला हवं होतं. वाढवता येत नाही, मग घटवायचं. एक हजार सात! सातानं सहा उरतात, आठानं सात उरतात, नवानं आठ. कसंही वाटा, उरतंच. एक लाडू कमी झाला की आम्ही सुटलो.

"एक घटवायचा," मी म्हटलं.

"पिशवीत टाकते," अक्का म्हणाली आणि तिचा हात मध्येच थांबला. शिदोरीतलं काही परत न्यायचं नाही. टाकायचं तर नाहीच नाही. शिदोरीतून बाहेर पडायला लाडवाला एकच वाट, तोंडाची. आणि माहेरच्या बायकांनी ओटी भरेपर्यंत शिदोरीला तोंड लावायचं नसतं, म्हणजे अक्का बाद, मी बाद. पुरुषांबद्दल मात्र रीतीत काहीच सांगितलेलं नाही. पुरुष इतक्या जवळ पोचेल असं जुन्या बायकांच्या स्वप्नातही आलं नसणार.

आम्ही दोघींनी एकाच वेळी दाजींकडं बघितलं.

अक्कानं लाडू उचलला. ज्या हातानं तिनं इतकी वर्षं डबे माळ्यावर चढवले होते, तोच हात तिनं दाजींच्या तोंडासमोर धरला.

"खावा."

दाजी दोन पावलं मागं सरले. "न्हाई गं. शुगर हाय मला."

"आत्ता आठवली शुगर?"

"डॉक्टरनं न्हाई म्हणलंय. तूच तर सांगती सारखं."

"खावा म्हणते ना!"

"सकाळचा एक झालाय. दोन म्हंजे लई व्हतंय."

आतून बांगड्यांचा आवाज आला. पोरीला बाहेर आणत होत्या. "अहो, तुमच्या लेकीसाठी खावा!" अक्काचा आवाज चिरकला, आणि तेवढ्यात तिनं लाडू त्यांच्या तोंडात घातलासुद्धा. दाजींनी डोळे मिटले. एरवी माणूस औषध घेताना डोळे मिटतो तसे नाहीत, वेगळे. मी चौकोन मोडून भराभर एकच ढीग केला. दोन चौकोनांचं सौंदर्य निर्ण्याला दाखवायची माझी संधी तिथंच गेली. विहीणबाई मांडवात पाऊल टाकायला आणि दाजींनी गिळायला एकच गाठ पडली.

पोरीला पाटावर बसवलं. तिनं पदर पसरला. विहीणबाई ढिगासमोर मांडी ठोकून बसल्या, सगळीकडं एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "आमच्या नणंदबाई आता कायमच्या आपल्याकडं ऱ्हायला आल्यात. त्यांचा बी वाटा धरायचा. वाटे आठ."

मी मनात भागाकार केला. एकेकाला एकशे पंचवीस, उरतील सात. पण ढीग करायच्या गडबडीत माझी पाठ दाजींकडं होती, आणि दाजींवर माझा गणिताइतका विश्वास नाही.

विहीणबाईंची रीत पाच पाच लाडू उचलायची. कानडीत मोजत होत्या, "ऐदु... हत्तु..." आठ परातींत पाच पाच पडले की एक फेरी. फेऱ्या चालू राहिल्या, ढीग बसत गेला. सुरुवातीला बायका गाणी म्हणत होत्या, मग गाणी थांबली. थोरल्या जाऊबाई पुढं सरकून बसल्या. पोरगी ढिगाकडं बघतच नव्हती, ती माझ्याकडं बघत होती. मी भुवया उंच करून तिला धीर देत होते, आणि अक्का माझं मनगट असं आवळत होती की बांगडीचा वळ नंतर दोन दिवस होता.

शेवटची फेरी संपली. विहीणबाईंचा हात सवयीनं परत सतरंजीवर गेला आणि थांबला. आठ वाट्यांना एकेक द्यायलाही पुरणार नाहीत एवढेच लाडू राहिले होते. त्यांनी बोटानं मोजले. परत मोजले.

"येळु!" त्या म्हणाल्या. सात.

मांडवात एकच गलका उठला. "सातव्यात सात!" कोणीतरी म्हणालं. "सात भावांच्या घरात सात!" दुसरी म्हणाली. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी सगळेच्या सगळे लाडू पोरीच्या पदरात घातले, ओटी चांगली खाली ओढली गेली, आणि पोरगी एकाच वेळी रडायला नि हसायला लागली. थोरल्या जाऊबाईंच्या वेळी एक पडला होता. त्या उठून पाणी बघायला आत गेल्या.

अक्का बोटांवर काहीतरी मोजत होती. मग माझ्याकडं झुकली.

"गं, आठच वाटे व्हते म्हटल्यावर... हजार एकातून बी एक उरलाच असता की?"

"अक्का," मी म्हटलं, "केळं खा."

तेवढ्यात विहीणबाईंनी हात वर केला, गलका थांबला. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात एकापेक्षा जास्त सहसा उरत न्हाईत. दोन उरले म्हंजे लई झालं. करजगीकरांनी काय केलं म्हणावं? इतके उरले कसे?"

सगळा मांडव आमच्याकडं बघायला लागला. माझा क्षण आला होता. मी उठून उभी राहिले, साडी सारखी केली, घसा साफ केला. मूळ संख्या म्हणजे काय इथून सुरू करून दोन चौकोनांपर्यंत सगळं भाषण माझ्या ओठांवर तयार होतं. आणि माझ्या मागून, दोन लाडवांच्या जोरावर, दाजी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले:

"अहो, मी दोन खाल्ले म्हणून तर सात उरले!"